हमखास चुकणारी

"तुमचा पाठ कुणाकडून चुकवायचाय?" गुरवबाईंनी विचारलं.

वहीतून मान वर न करताच विचारलं. रेशनच्या दुकानात कार्ड पुढं केलं की 'पिशवी आणलीय का' असं विचारतात, तसं. मी म्हणालो, मालन पाखरे. बाईंनी माझ्या नावापुढं मालनचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "चौगुले, मागच्याच वर्षी हिला घेतली असती तर आज दुसऱ्यांदा इथं उभे नसता."

ते खरं होतं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा तालुक्याच्या गावी डी.एड. करत होतो. मास्तर होण्याआधी मास्तरकीची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात सगळ्या लेखी पेपरांना पुरून उरतो तो अंतिम पाठ. खऱ्या वर्गात, खऱ्या पोरांपुढं पस्तीस मिनिटं शिकवायचं आणि मागं खुर्चीवर बाहेरगावचे परीक्षक बसलेले असायचे. त्यासाठी आमच्या विद्यालयाला शेजारचीच एक शाळा जोडून दिली होती. तिला सरावशाळा म्हणत. सराव आमचा आणि शाळा पोरांची, अशी वाटणी होती.

गुरवबाई तिथल्या चौथीच्या वर्गशिक्षिका. त्यांच्या वर्गातल्या एकेचाळीस पोरांनी आमच्यासारख्यांचे इतके पाठ सोसले होते, की शिकवायचं कसं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पाठाला सुरुवातीचे चार प्रश्न झाले की 'आज आपण अमुक शिकणार आहोत' असं वर्गाला सांगावं लागतं. एखादा घाबरून ते विसरला, तर पहिल्या बाकावरची शकुंतला खाली बघत हळूच म्हणायची, "गुरुजी, आज आपण." मग तो गडबडीनं म्हणायचा, आज आपण.

प्रत्येक पोराचं काम ठरलेलं होतं. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारे तिघं होते. इलाही मुल्ला विचार करून उत्तर देणारा. तो छताकडं बघायचा, दहा अंक मोजायचा आणि मग सांगायचा. आणि एक जण चुकणारं लागायचं. हे फार महत्त्वाचं काम. सगळ्यांना सगळं आलं तर परीक्षक विचारतात, मग तुम्ही शिकवलं काय? कुणालाच काही आलं नाही तरी तेच विचारतात. म्हणून बरोबर मधोमध एक चूक लागते. ती साफ दिसावी आणि तीन-चार प्रश्नांत निघून जावी. अशी चूक रोज, त्याच जागी, न विसरता करणारं पोर मिळणं म्हणजे नशीब.

मागच्या वर्षी मला याची अक्कल नव्हती. पाठात चूक कशाला, असा माझा बाणा. मी वर्गाला आदल्या दिवशी सगळं पढवून ठेवलं. परीक्षेत पोरांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं पटापटा दिली आणि माझा पाठ अकराव्या मिनिटाला संपला. उरलेली चोवीस मिनिटं मी फळा तीनदा पुसला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'पाठ संपला, तास उरला.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वडिलांनी सांगून टाकलं, या वर्षी जमलं तर ठीक, नाहीतर मामाच्या पिठाच्या गिरणीवर जायचं. मामाला मी नको होतो आणि मला गिरणी नको होती. त्यामुळं हा पाठ निघणं हे त्या वर्षी आमच्या दोन घरांतलं एकमेव मागणं होतं.

मालन दहा वर्षांची. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, निळा परकर, खिशात चिंचोके. बोलायची कमी. तिची चूक अपूर्णांकांच्या बेरजेतली होती. फळ्यावर एक चतुर्थांश अधिक दोन चतुर्थांश लिहायचं आणि मालनला उठवायचं. ती सांगायची, तीन अष्टमांश. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. मग आपण म्हणायचं, असं का बरं होईल, बघू या. कागदाची गोल भाकरी काढायची, तिचे चार भाग करायचे, एक उचलायचा, मग दोन उचलायचे, आणि विचारत जायचं. चौथ्या प्रश्नाला मालन म्हणायची, तीन चतुर्थांश. परीक्षक मान हलवायचे. आमचा माणूस पास.

हे सगळं ज्या सूत्रावर चालायचं ते आमच्या सभागृहाच्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं : सोप्याकडून कठिणाकडे. अध्यापनशास्त्र शिकवणारे मुजुमदार सर त्यावर एक वाक्य नेहमी सांगायचे. पायरी इतकी लहान ठेवा, की आपण चढलो हे पोराला कळतासुद्धा कामा नये. आम्ही ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्या हंगामात मालननं अकरा जणांना पास केलं होतं. बदल्यात कुणी पेन्सिल द्यायचं, कुणी पेरू. ती स्वतः मात्र गणितात नापास होऊन दुसऱ्या वर्षी चौथीतच बसली होती. याचा अर्थ काय, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटायचं, दुसऱ्यांसाठी चुका करण्यात पोरीचा स्वतःचा अभ्यास राहून जात असेल. तिचा बाप बाजार समितीत हमाली करायचा. त्यानं गुरवबाईंना येऊन सांगितलं होतं, की यंदाही पोरगी वर गेली नाही तर घरी ठेवीन. दोन-दोन वर्षं एका जागी बसवायला शाळा म्हणजे काय एस.टी. स्टँड आहे का? हे बाईंनीच मला सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

पाठाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मालनला थांबवून घेतलं. तिच्या चुकीबद्दल माझी एकच तक्रार होती : ती फार लवकर यायची. प्रश्न संपतो न संपतो तोच तीन अष्टमांश तयार. यंदाचे परीक्षक रणपिसे साहेब जुने मुरलेले होते म्हणे. त्यांना वास लागला असता.

"मालन, उद्या लगेच उत्तर द्यायचं नाही," मी म्हणालो. "आधी विचार केल्यासारखं करायचं आणि मग चुकायचं."

"मी इचार करूनच सांगती, गुरुजी."

"तसं नाही. खरं उत्तर काय ते तुला माहीत आहे. ते मनात ठेवायचं आणि दुसरं सांगायचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, बरं, खरं उत्तर सांग बघू. ती म्हणाली, तीन अष्टमांश. मी म्हणालो, ते चुकीचं, बरोबर कुठलं? तिनं खिशातले चिंचोके चाचपले.

"तुम्ही इचारत गेला की येतंय," ती म्हणाली. "तुम्ही गेला की जातंय."

म्हणजे तिची चूक खरीच होती. खोटं कशाला बोलू, मला पोरीची काळजी वाटली नाही; पाठाची वाटली. नाटकातल्या माणसानं खरोखरच विष प्यायलंय असं कळल्यावर मॅनेजरला वाटेल तसं वाटलं. चिडून मी विचारलं, "पण तीन अष्टमांशच का? कुठून काढतेस ते?"

दोन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती जमिनीवर बसली आणि तिनं चिंचोके काढून दोन ढीग केले, चार इकडं आणि चार तिकडं.

"आईनं दोन खुडूक कोंबड्या बशिवल्या," ती म्हणाली. "एकीखाली चार अंडी, दुसरीखाली चार. पयलीच्या चारातनं एक पिल्लू निघालं. दुसरीच्या चारातनं दोन. पिल्लं किती निघाली?"

"तीन," मी म्हणालो.

"किती अंड्यांतली?"

मी चिंचोके मोजले. आठ होते. "आठातली," मी म्हणालो.

"मग?"

तिनं मला तीनच प्रश्न विचारले होते. माझ्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, तेरा होते. तिचे सोपे होते, एकामागून एक होते आणि आपण कधी चढलो हे मला कळलं नव्हतं. मुजुमदार सरांनी असला पाठ बघितला असता तर तिला अ श्रेणी दिली असती.

मी तिला कागदाची भाकरी काढून दाखवली. चार भाग, एक उचलला, दोन उचलले. ती म्हणाली, तीन चतुर्थांश. मी म्हणालो, आता कळलं? ती भाकरीकडं बघून म्हणाली, हे पण खरं आहे. मग चिंचोक्यांकडं बघून म्हणाली, हे पण खरं आहे. दोन्ही खरी कशी, हे गुरुजींनी सांगावं म्हणून ती वर बघत बसली. मला सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. तिचं चुकतंय एवढं मला पक्कं माहीत होतं. कुठं चुकतंय हे माहीत नव्हतं.

चपराशी दारं लावायला आला. वेळ थोडा होता आणि मला रणपिसे साहेब दिसत होते.

"हे बघ मालन," मी म्हणालो. "उद्या कोंबड्या आणायच्या नाहीत."

"बरं."

"मी विचारत जाईन तसं सांगत जायचं. आणि शेवटी साहेबांनी विचारलं, समजलं का, तर हो म्हणायचं."

"समजलं नसलं तरी?"

"उद्यापुरतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रणपिसे साहेब आले. जाड काचांचा चष्मा, गुडघ्यावर पॅड. सुरुवातीचे चार प्रश्न झाले. मी 'आज आपण' विसरलो नाही. तिघांनी पटापट सांगितलं, इलाहीनं छताकडं बघितलं. मग मालन उठली. सांगितल्याप्रमाणं थांबली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, तीन अष्टमांश. तिच्या तोंडून ती चूक इतकी खरी वाटली, की साहेबांनी पेन उघडलं.

मी भाकरी काढली. पुढं सगळं पाण्यासारखं गेलं. चौथ्या प्रश्नाला मालन तीन चतुर्थांश म्हणाली. पस्तीस मिनिटं भरायला एक मिनिट असताना मी गृहपाठ दिला. रणपिसे साहेब उठले आणि दाराकडं न जाता मालनच्या बाकापाशी गेले. हे टाचणात नव्हतं.

त्यांनी विचारलं, एक पंचमांश अधिक दोन पंचमांश किती? फळ्यावर माझं गणित अजून तसंच होतं. तिनं फळ्याकडं बघितलं, खालचा आकडा हलत नाही हे बघितलं, आणि म्हणाली, तीन पंचमांश. साहेब खूश झाले. "आता समजलं ना बाळ?"

मालननं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही, मी खडू बघत होतो.

"हो," ती म्हणाली.

"कसं समजलं?"

"गुरुजींनी पायरीपायरीनं सांगितलं."

हे तिला मी शिकवलं नव्हतं. अकरा पाठांत ती ते ऐकून ऐकून शिकली असावी. साहेबांनी माझ्या वहीत शेरा लिहिला : 'सोप्याकडून कठिणाकडे या सूत्राचा आदर्श उपयोग. चुकलेल्या विद्यार्थिनीस योग्य क्रमाने उत्तरापर्यंत नेले.' मला इतका आनंद झाला, की मी तो शेरा व्हरांड्यात उभा राहून चार वेळा वाचला. गिरणी टळली होती. आमच्या मामालाही आनंद होणार होता.

मी मालनसाठी कंपासपेटी आणली होती. आजवर कुणी तिला एवढं मोठं काही दिलं नव्हतं. तिनं ती उघडून बघितली, बंद केली आणि म्हणाली, "गुरुजी, पण कोंबड्यांचं काय?"

मी म्हणालो, सांगतो. आणि निघालो.

आता खरं तर मला सुखानं झोप लागायला हरकत नव्हती. पण ते आठ चिंचोके डोक्यातून जाईनात. मी मुजुमदार सरांकडं गेलो. कोंबड्या कुणाच्या हे न सांगता गणित घातलं. सरांनी ते दोनदा ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चौगुले, हा अपूर्णांक नव्हे. या कोंबड्या आहेत." मी म्हणालो, पण उत्तर तर बरोबर येतंय. ते म्हणाले, पाठ झाला ना तुमचा? झाला, मी म्हणालो. मग झालं तर, ते म्हणाले. बरोबरच्या पोरांना विचारलं तर त्यांनी कागद-पेन्सिल घेतली आणि थोड्या वेळानं पत्ते काढले. दोन वर्षं आम्ही अध्यापनशास्त्र घोटत होतो आणि चौथीतल्या पोरीच्या खुडूक कोंबड्यांनी आम्हाला गप्प केलं होतं.

दहा-बारा दिवस असेच गेले. रविवारी घरी गेलो. आईनं जेवायला वाढलं. भाकरी किती म्हणाली, मी म्हणालो अर्धी. तिनं ताटात जे टाकलं ते मला संपेना. मी म्हणालो, आई, अर्धी म्हणालो होतो.

"अर्धीच हाय की," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या भाकरीतली अर्धी. कुठल्या भाकरीतली ते कुठं सांगितलंस?"

वडिलांची भाकरी आमच्या घरात परातीएवढी असायची. मी त्या अर्ध्या भाकरीकडं बघत बसलो. आई म्हणाली, कोरड्यास आवडलं नाही का. मी म्हणालो, आवडलं. घास तसाच हातात राहिला.

अर्धी म्हणताना कशाची अर्धी, हे आम्ही कधी विचारतच नव्हतो. माझ्या टाचणात पहिलाच प्रश्न होता, 'भाकरीचे किती भाग केले?' त्या अकरा जणांच्या टाचणातही तोच होता. आम्ही एकमेकांच्याच टाचणावरून उतरवत होतो. भाकरी एकच आहे, दोन्ही तुकडे तिचेच आहेत, हे गृहीत धरून आम्ही पाठ सुरू करत होतो. एकाच अंड्याला मालन आधी एका कोंबडीच्या चारातलं धरत होती आणि शेवटी दोन्ही कोंबड्यांच्या आठातलं. सगळ्यांत सोपी गोष्ट, 'एक' कशाला म्हणायचं ही, आम्ही सांगायचीच विसरलो होतो. आधी कळस मग पाया ही म्हण मी वर्गात तीनदा समजावून सांगितली होती.

सोमवारी दुपारी सायकल काढून तालुक्याला परतलो तो थेट बाजार समितीमागच्या वस्तीवर गेलो. मालनची आई अंगणात अंडी पाटीत लावत होती. मास्तर घरी आलेला बघून ती उठून उभी राहिली. मास्तर घरी येतो तो कागाळी घेऊनच, असा तिचा अनुभव असावा. मी म्हणालो, काही नाही, कोंबड्यांचं काम आहे. तिनं विचारलं, किती पायजेत?

मालन आली. अंगणात कोंबड्या झाकायची दोन डालगी पालथी होती. मी तिला म्हणालो, या डालग्यातली चार अंडी हे एक घर धर, त्या डालग्यातली चार हे दुसरं घर. चारातलं एक, हे या घराचं माप. चारातली दोन, हे त्या घराचं माप. मापं दोन घरांची वेगळी, आणि शेवटी तू दोन्ही घरं मिळून तिसरंच मोठं घर केलंस. भाकरीत घर एकच असतं. ज्या भाकरीतला पाव, त्याच भाकरीतले दोन पाव.

तिनं डालग्यांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आत कोंबडी कुरकुरत होती.

"म्हंजे पयलं इचारायचं, कशातला?" ती म्हणाली.

"हो."

"एकाच भाकरीतला असला तर खालचा आकडा तोच ऱ्हातो."

"हो."

"ह्ये तर सोपं हाय."

"सोपंच आहे."

"मग ह्ये पयलं का न्हाई सांगितलं?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"आन आधीच्या गुरुजींना?"

"त्यांनाही नव्हतं."

ती यावर रागावली नाही. तिनं मान हलवली. मोठ्या माणसांचं असंच असतं, अशी हलवली. मग म्हणाली, "सकाळी पेपरात आलंतं."

वार्षिक परीक्षा सुरू झालीय आणि गणिताचा पेपर आजच होता, हे माझ्या गावीही नव्हतं. माझी परीक्षा झाली होती ना. मी विचारलं, काय लिहिलंस? ती म्हणाली, तीन अष्टमांश. फळ्यावर बघून खालचा आकडा तसाच ठेवला होतास की, मी म्हणालो. ती म्हणाली, "पेपरात फळा कोरा हुता. आन इचारणारं कुणी नव्हतं."

मला इतकी लाज वाटली, की तिच्या आईनं पुढं केलेलं पाणी मी घेतलं आणि हातातच धरून बसलो. या पोरीला मी हो म्हणायला लावलं होतं. उद्यापुरतं म्हणालो होतो, आणि तो उद्या होऊन बारा दिवस झाले होते.

मंगळवारी पेपर सुटल्यावर गुरवबाई वर्गात बसून गणित तपासत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट. बाईंनी गठ्ठ्यातून मालनचा पेपर काढला. बत्तीस. पासाला पस्तीस लागत होते आणि अपूर्णांकाचा प्रश्न चार गुणांचा होता.

"तिचं उत्तर चुकलं नाही, आपला प्रश्न अर्धा होता," मी म्हणालो. "तिला आता विचारून बघा. तोंडी घ्या."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "आणि ही पाचवीत गेली तर पुढच्या वर्षी चुकणार कोण? मी मुद्दाम ठेवत नाही हो, पेपर तीच लिहिते. पण तुमच्या बाकीच्या मंडळींचं काय?"

मी म्हणालो, मग मी रणपिसे साहेबांना पत्र लिहितो, की माझा पाठ आधी बसवलेला होता. हे मी बोलून गेलो आणि मग मला गिरणी दिसली. बाईंनी लाल पेनचं टोपण लावलं.

"तुमचा निकाल जाईल, चौगुले."

"जाईल," मी म्हणालो. माझा आवाज फार काही खंबीर नव्हता.

बाई उठल्या. मग त्यांनी खिडकीतून हाक मारली. मालन पटांगणात थांबलेलीच होती. मीच तिला थांबवलं होतं. बाईंनी विचारलं, "एक चतुर्थांश अधिक दोन चतुर्थांश किती?"

मालननं थांबून विचार केला. या वेळी तिला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

"एकाच भाकरीतलं, बाई? का येगयेगळ्या डालग्यातलं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षं त्या हे गणित शिकवत होत्या. "एकाच भाकरीतलं," त्या म्हणाल्या.

"तीन चतुर्थांश."

"आणि डालग्यातलं असेल तर?"

"तर आधी ठरवाय पायजे, एक म्हंजे काय धरलंय ते. त्याबिगर सांगता येत न्हाई."

बाईंनी मालनचा पेपर पुन्हा समोर घेतला. त्यांनी टोपण काढलं, तीन अष्टमांशवरची फुली आडवी खोडली, शेजारी चार लिहिले आणि बत्तीसचे छत्तीस केले. मग मला म्हणाल्या, "आता ही चुकायची नाही. माझ्या काही कामाची नाही ही." हे त्यांनी पाठांच्या वहीतलं तिचं नाव खोडत सांगितलं. मालनला म्हणाल्या, घरी जा आणि बापाला सांग, वर गेलीस म्हणून. मालन दारापर्यंत चालत गेली आणि तिथून पुढं पळाली.

बाईंनी नव्या वर्षाची यादी पुढं ओढली. तिसरीतून एक पोरगा येतोय, त्या म्हणाल्या, वजाबाकी हमखास उलटी करतो. बघू. मी म्हणालो, बाई, त्याला आधी विचारा, तो उलटी का करतो. बाई म्हणाल्या, "आणि त्यानं सांगितलं तर?"

मी पत्र लिहिलं नाही. बाईंनी लिहू नका म्हटलं आणि मी चटकन ऐकलं. पुढच्या महिन्यात दोघांचे निकाल लागले. माझ्या पाठाला अ श्रेणी होती आणि मालनला गणितात छत्तीस. तिचे छत्तीस खरे होते.